हमीपत्रावर सही करण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. त्यांचा पुतण्या बारावीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमात यंत्रकामाचा विषय घेऊन शिकत आहे. वर्गातील मुलांस जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी पाठवावयाचे शाळेने ठरविले असून तत्पूर्वी घरी एक छापील हमीपत्र धाडले आहे. मुलास काही इजा झाल्यास शाळा अगर कारखाना जबाबदार राहणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात आहे. यावरून घरात दोन तट पडले. आजोबांचे म्हणणे, असल्या कामास आपल्या घरचा मुलगा पाठवूच नये. थोरले काका म्हणतात, सही करून मोकळे व्हा, विमा आहेच. ‘मधल्यामधे मी काय करावे?’ असा बाईंचा प्रश्न आहे.

आजोबांच्या वयाचा मान राखूनही त्यांचे म्हणणे मान्य करवत नाही. हत्यारास हात लावणे हलके समजण्याची पांढरपेशा घरांतील खोड फार जुनी आहे, आणि तिच्यापायी आपण कित्येक कुशल हातांची मुले खर्डेघाशीस जुंपली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळकरी वयातच कारागिरांच्या सान्निध्यात शिकण्यावर भर दिला, ही इष्टच गोष्ट झाली. मुलास जाऊ द्यावे. खरी मेख आहे ती काकांच्या ‘विमा आहेच’ या दोन शब्दांत.

घरातील सर्वांचा मिळून जो आरोग्यविमा काढलेला असतो, तो इस्पितळाचे बिल भागवितो. मुलाचे बोट यंत्रात सापडले तर शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून मिळेल. परंतु बोट गेल्यामुळे जन्मभर जे नुकसान सोसावयाचे, त्याचा हिशेब त्या पॉलिसीत नसतो. तो असतो अपघात विम्यात, आणि अपघात विमा ही स्वतंत्र वस्तू आहे. बँकेच्या खात्यातून वर्षास २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना पुष्कळांच्या परिचयाची आहे. पण ती १८ ते ७० वर्षांच्या माणसांसाठी. आपला सतरा वर्षांचा चिरंजीव नेमका त्या उंबरठ्याबाहेर राहतो! त्यास वडिलांच्या पॉलिसीत घालून घ्यावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून ‘सरल सुरक्षा बीमा’ या नावाची एकाच नमुन्याची अपघात पॉलिसी निरनिराळ्या कंपन्यांकडे मिळू लागली. तीत अवलंबून असलेल्या मुलांची नावे घालता येतात आणि विम्याची रक्कम किमान अडीच लाखांची असते.

महाराष्ट्रात पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे. २०२२ साली तिच्या रकमा वाढविण्यात आल्या : अपघाती मृत्यू आल्यास दीड लाख, दोन अवयव अगर दोन्ही डोळे गेल्यास एक लाख, एक अवयव वा एक डोळा गेल्यास ७५ हजार. अर्ज शाळेमार्फत करावयाचा. तथापि हे सरकारचे सानुग्रह अनुदान आहे, विमा नव्हे, हे विसरू नये. आणि ही रक्कम मिळाली म्हणून कारखानदार आपल्या जबाबदारीतून सुटला, असाही अर्थ कोणी करू नये.

आता कायद्याची बाजू पाहू. एकाच कारखान्यात एकाच लेथपाशी दोन मुलगे उभे आहेत अशी कल्पना करा. एक आहे शिकाऊ उमेदवार. १९६१ च्या कायद्याप्रमाणे त्याचा मालकाशी रीतसर करार झालेला असतो. तो अज्ञान असल्यास पालक त्याच्या वतीने करार करतात. त्यास कामात इजा झाली तर भरपाईचा बोजा मालकावर आहे, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. दुसरा आपला पुतण्या. काम तेच, यंत्र तेच, धोकाही तोच. पण तो शाळेतून आलेला. त्याच्यापाशी तसा करार नाही, म्हणून त्या कलमाचा आधार त्यास सहजी मिळावयाचा नाही. मालक म्हणणार हा शाळेचा, शाळा म्हणणार अपघात कारखान्यात झाला.

जर्मनीने हा पेच फार सरळ रीतीने सोडविला. १ एप्रिल १९७१ पासून तेथील शाळकरी मुलांस सरकारी अपघात विम्याचे छत्र मिळाले. शाळेने नेमून दिलेल्या कामास मुलगा कारखान्यात गेला, तरी तो शाळेचाच विद्यार्थी समजला जातो आणि शाळेकडील विमा त्याच्या मागे उभा राहतो. सुटीत तो आपण होऊन कोठे कामास गेला, तर मात्र त्या धंद्याच्या विमा मंडळाने त्याची काळजी वाहावयाची. कोणत्याही दिवशी मूल कोणाचे, याचे उत्तर आधीच ठरलेले असते. आपल्याकडे ते ठरविण्याचे काम तूर्त पालकांनीच अंगावर घेतले पाहिजे, आणि त्याचा मुहूर्त म्हणजे हे हमीपत्र.

सबब पत्रलेखिका बाईंनी असे करावे. ‘जबाबदार राहणार नाही’ या वाक्यावर सही करू नये. रागावून कागद परतही पाठवू नये. मुख्याध्यापकांस नम्रपणे विचारावे की, मुले कोणत्या यंत्रावर काम करणार, त्यांच्यावर देखरेख करणारा कारखान्यातील माणूस कोण, आणि शाळेने अगर मालकाने या मुलांचा सामुदायिक अपघात विमा काढला आहे काय. असल्यास पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत कोणती. उत्तर लेखी घ्यावे. वर्गातील चार पालक एकत्र गेले तर काम लवकर होते. एकटीदुकटी बाई गेली की तिला ‘भित्री’ ठरवून वाटेला लावतात, हा अनुभव नवा नाही.

विमा झाला तरी बोट शाबूत राहणे केव्हाही बरे. १९४८ च्या कारखाने कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते : धोक्याच्या यंत्रावर तरुण मुलास लावण्यापूर्वी त्याचे धोके आणि घ्यावयाची खबरदारी त्यास पूर्ण समजावून सांगावी, शिवाय त्याचे पुरेसे शिक्षण तरी झालेले असावे, नाहीतर जाणत्या माणसाची नजर तरी त्याच्यावर असावी. तो कायदा २०२५ साली नव्या संहितेत विलीन झाला. पण घरच्या वडीलधाऱ्यांनी हे कलम मनात जपून ठेवावे. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलगा घरी आला की, ‘आज तुला काय काय समजावून सांगितले?’ असे त्यास विचारावे. ‘काही नाही, एकदम उभे केले,’ असे तो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेत जावे.

आणखी एक गोष्ट आयांसाठी. मुलाचे हात जपावे म्हणून मायेने हातमोजे देण्याचा मोह होतो. फिरत्या लेथवर किंवा भोक पाडण्याच्या यंत्रावर हातमोजा घालणे घातक आहे; त्याचा धागा गुंतला की हात आत ओढला जातो. तीच गोष्ट लांब बाह्यांची, गळ्यातील साखळीची, मनगटावरील गंडादोऱ्याची. मुलगी जात असेल तर ओढणी आणि मोकळी वेणी. धातूचा कीस हाताने झाडावयाचा नाही, यंत्र बंद करून ब्रशाने काढावयाचा. सहाणेच्या चाकाजवळ डोळ्यांस चष्मा हवा आणि पायांत चपलेऐवजी बंद बूट. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टोचावयाची असते. सोळाव्याची पुष्कळांची राहून जाते, तेव्हा जुने कार्ड काढून पाहावे.

पुतण्याच्या बोटात मुंजीतील आजोळची अंगठी आहे, असे बाई पत्राच्या शेवटी सहज लिहितात. ती कामाच्या दिवशी घरी देवघरात ठेवावी. आजोबांस वाईट वाटेल, पण ते त्यांस सांगण्याचे काम काकांकडे द्यावे.