माणूस अडवून हिवताप अडत नाही

औषधांना दाद न देणाऱ्या हिवतापाची बातमी आली की मागणी ठरलेली: सीमा बंद करा, मजुरांना अडवा. तिच्यात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. क्लोरोक्विन या जुन्या औषधाला न जुमानणारा फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी १९५०च्या दशकाअखेर थायलंड-कंबोडिया सीमेवर दिसला आणि वीस वर्षांत पूर्व आफ्रिकेत पोहोचला. माणसांच्या रक्तातूनच पोहोचला.

पण परजीवी अंगात असूनही ताप नसलेली माणसे पुष्कळ असतात. नाक्यावरचा तापमापक त्यांना काय ओळखणार? आणि ज्याला पकडले जाण्याची धास्ती आहे, तो नाक्याकडे फिरकतच नाही. तो जंगलवाटेने जातो, ताप चढला की दुकानातून चार गोळ्या घेतो, बरे वाटले की थांबतो. त्या अपुऱ्या मात्रेतून तगून राहतो तो चिवट परजीवी. बंदोबस्त ज्याला रोखायला निघतो त्यालाच असा पोसतो.

शिवाय रवांडाचे काय? आर्टेमिसिनिन या आजच्या मुख्य औषधाला दाद न देणारा तिथला परजीवी आशियातून आलेला नव्हता. तिथेच उपजला होता, हे २०२०मध्ये जनुकीय तपासणीने दाखवले. त्याला कोणत्या नाक्यावर अडवणार होतो?

अडतो तो उपचाराने. म्यानमारच्या कायिन राज्यात, थायलंडच्या सीमेलगत, हिवतापाचे संशोधक फ्रांस्वा नोस्टेन यांच्या गटाने २०१४पासून १,२००हून अधिक गावांत मलेरिया चौक्या उभ्या केल्या. गावातलाच प्रशिक्षित माणूस बोट टोचून थेंबभर रक्त घेतो, पाव तासात निदान करतो, पूर्ण औषध हाती देतो. काही वर्षांत यांतल्या बहुतेक गावांतून फाल्सिपेरम हटला. २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारची आरोग्यव्यवस्था कोलमडली, तेव्हा रुग्ण थायलंडच्या बाजूलाही वाढले.

म्हणून उपचार सीमेपलीकडेही पोहोचवायला हवेत. ‘परक्या देशासाठी आपला पैसा का?’ असे विचारणाऱ्यांनी आपला ईशान्य भाग पाहावा. क्लोरोक्विन निकामी होऊ लागल्याची देशातली पहिली नोंद १९७३ची, आसामातली. २०१३मध्ये तिथल्या राज्यांसाठी उपचारच बदलावा लागला, कारण आर्टेसुनेटच्या जोडीचे जुने औषध पुरे पडेना. म्यानमारलगतच्या १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपणाची घोषणा २०२४मध्ये झाली. सुरक्षेसाठी ते हवे की नको, हा वाद वेगळा. हिवतापासाठी त्याचा भरवसा धरू नये. चिन राज्यातून जीव मुठीत धरून मिझोरममध्ये आलेल्या माणसांना कागदपत्रे न मागता चाचणी मिळायला हवी, आणि या नव्या उपचाराच्या तीन दिवसांच्या सहाही मात्रा समोर बसवून द्यायला हव्यात. सीमेपलीकडच्या गावातही तेच औषध, त्याच दिवशी.