सणासुदीचे जेवण आणि रक्तातील मेद

दसऱ्यापासून लग्नसराईच्या अखेरीपर्यंत दिल्लीत अन्नाला नाही म्हणणे उद्धटपणाचे ठरते. शेजाऱ्यांकडून मिठाईचा डबा येतो, त्याची परतफेड आपण करंज्या-अनारशांनी करतो. "चार दिवस खाल्ल्याने काय बिघडते?" हा प्रश्न अशा वेळी हटकून ऐकू येतो. तो वाटतो तितका निरुत्तर करणारा नाही.

स्निग्ध जेवणातील मेदाचे आतड्यांत अतिसूक्ष्म कण बनतात व ते लसीकावाहिन्यांतून रक्तात उतरतात. तीन-चार तासांनी त्यांचे प्रमाण शिगेला पोचते. त्या वेळी निरोगी माणसाच्याही रक्तातील पेशी वेगळ्या केल्या, तर उरलेला द्रव दुधाळ दिसू शकतो. ही व्याधी नव्हे, पचनाचाच क्रम होय. विकरे हे कण फोडतात आणि काही तासांत रक्त निवळते.

मात्र निवळण्यास सवड हवी. सकाळी छोले-भटुरे, दुपारी मिठाई, रात्री मेजवानी असे चालले, तर एका जेवणाचा मेद ओसरण्यापूर्वीच दुसऱ्याचा येऊन मिळतो. तूप वर्ज्य करून गोडावर भर देणारेही सुटत नाहीत. गरजेहून अधिक साखरेचा काही भाग यकृत मेदात पालटते व ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते. काही दिवसांच्या अतिरेकानेही उपाशीपोटीचा आकडा चढतो. कोलेस्टेरॉलचा आकडा सहसा इतक्या लवकर हलत नाही, म्हणून तेवढाच पाहणारा निर्धास्त राहतो. या साऱ्यांना आपण सरसकट 'चरबी' म्हणतो, हाही घोटाळ्याचा एक भाग आहे.

स्वीडनमध्ये १८ निरोगी तरुणांना चार आठवडे झटपट मिळणाऱ्या उपाहारगृहांतील पदार्थ देऊन त्यांचा आहार जवळजवळ दुप्पट करण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सरासरी वजन सहा किलोंहून अधिक वाढले आणि यकृतावरील ताण दर्शविणारे विकर रक्तात कितीतरी पटींनी चढले.

"मी तर सडपातळ" हे समाधानही फसवे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपल्या दोघांची तुलना छापली. दोघांचाही देहभारांक २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के!

सण संपल्यावर आठवडाभर पथ्य पाळून मग रक्त तपासून घेणारे पुष्कळ आढळतात. माझ्या मते ते आपल्या सवयीची नव्हे, पथ्याची परीक्षा घेतात. जेवणापूर्वी काही तास, किंवा आदल्या दिवशीही, झपझप चालल्याने जेवणोत्तर मेदाची भरती पुष्कळांत कमी होते, हा त्यामानाने प्रामाणिक उपाय. दिल्लीकरांची अडचण अशी की, नेमक्या दिवाळीच्या सुमारास येथील हवा बिघडते आणि सकाळचे फिरणे बंद पडते. डबे येणे मात्र चालूच राहते.