पावसाळा फेलोशिपसाठी थांबत नाही

राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. 1908 मध्ये त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. जागा राखली, पण पोर उपाशी राहिले तर ते शिकणार कसे, हे त्या राजाला कळत होते. आजच्या राज्यकर्त्यांना ते कळते काय, असा आमचा सवाल आहे.

याच कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात आमची मुले-मुली वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम.एस्सी. होतात, पीएच.डी.ला लागतात. अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी. फेलोशिप रखडली की हाल सर्वच संशोधकांचे होतात. पण जीवशास्त्रात गेलेली वेळ परत येत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर कंदीलपुष्प फुलते ते पावसाळ्यात. तेव्हा एस.टी.च्या भाड्याला पैसे नसले तर नमुना थेट पुढच्या वर्षी! प्रयोगशाळेतले जिवाणू वेळच्या वेळी नव्या माध्यमावर घेतले नाहीत तर मरतात. तीन महिन्यांची सरकारी दिरंगाई विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष खाते.

केंद्राने 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप दरमहा 37 हजार रुपये केली. रक्कम वाढली, पण वेळेचे काय? त्याच वर्षी बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा सोडून मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसावे लागले. हक्काचे पैसे मागण्यासाठी!

शिष्यवृत्ती तुटणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी भोगले आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. 1920 मध्ये स्वतःची बचत आणि शाहू महाराजांसह इतरांची मदत घेऊन ते पुन्हा गेले. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. फेलोशिप पगारासारखी ठरल्या तारखेला खात्यावर जमा झाली पाहिजे आणि प्रयोगाचा, क्षेत्रभेटींचा खर्च आगाऊ मिळाला पाहिजे. सरकारला जाग येईपर्यंत समाजातील नोकरदारांनी आपल्या तालुक्यातील अशा एका तरी संशोधकाचा हंगाम बुडू देऊ नये. बाबासाहेबांना मिळालेल्या मदतीचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.