भंगाराचा नको, हुन्नराचा भाव घ्या

कापडवाल्याला लोखंडातले काय कळणार, असे वाचक म्हणतील. पण आमच्या हातात दिवसभर कात्री असते. मेरठच्या कारागिरांनी मोटारी आणि रेल्वेच्या भंगार पोलादातून कात्र्या घडवल्या आणि २०१३ साली त्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. भंगारातून घडलेल्या मालाचेही नाव होते, ते असे.

आमच्या घरची सुरी गावातल्या लोहाराने ट्रकच्या तुटक्या कमानपाट्यातून घडवलेली आहे. बारा वर्षे झाली, अजून रोज चालते. घेताना मीच घासाघीस केली होती, "भंगाराचीच तर आहे, एवढे पैसे कसले?" आज त्या बोलण्याची शरम वाटते.

पाटा किलोवर मिळतो. खरी किंमत कसबाची. बांधकामाच्या साध्या सळईत कार्बन कमी. तिला नीट पाणी चढत नाही, धार टिकत नाही. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, म्हणून लोहार पाटा निवडतो आणि त्यात जुनी चीर नाही ना, हेही पाहतो. घडवलेले पाते भट्टीत लाल करायचे. लोहचुंबक चिकटेनासे झाले की आणखी थोडी आच देऊन तेलात बुडवायचे. आता ते कडक होते, पण ठिसूळही. म्हणून सुमारे २०० अंशांवर तास-दोन तास पुन्हा शेकायचे. घासलेल्या पात्यावर फिकट पिवळा रंग दिसला की काम झाले. इथे चुकले तर धार वळते किंवा पाते तुटते.

गिऱ्हाईकाला हे कोण सांगणार? कारागीर बंधूंनो, तुम्हीच सांगा. माल भंगाराचा आहे हे लपवू नका. पात्यावर आपला छाप मारा. वर्षभरात पाते तुटले तर बदलून देईन, अशी जबान द्या. बकरी ईदच्या गर्दीत मागणी वाढते, तेव्हा घाईने शेकणे टाळू नका; एक तुटलेली सुरी दहा गिऱ्हाइके नेते.

आणि आम्हा व्यापाऱ्यांनाही एक सांगणे आहे. थानाच्या काठावर गिरणीचे नाव पाहून आपण मुकाट्याने भाव देतो. मग लोहाराच्या छापापुढेच आपला हात आखडता का? त्याला रास्त दाम मिळाला नाही, तर त्याचा मुलगा भट्टीपाशी बसणार नाही. भंगार तेव्हाही मिळेल, पण त्याला पाणी देणारा हात मिळणार नाही.