बाराव्या मजल्यावरची खोली बघताना

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या सरकारी रुग्णालयात फिटनेस सर्टिफिकेटसाठी रांग लागते. नांदगाव, मनमाड आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं नाशिक, पुणे, संभाजीनगर, थेट कोट्यापर्यंत पांगतात. सोबत आलेले वडील मोबाइलवर खोलीचे फोटो दाखवतात. गुळगुळीत फरशी, तीन पलंग, भिंतीतलं कपाट, वायफाय, गीझर, गेटवर कॅमेरा. 'डॉक्टरसाहेब, बारावा मजला आहे, लिफ्ट आहे,' हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान असतो आणि तो रास्तच आहे. कांद्याच्या आणि मक्याच्या पैशातून पोराला शहरात ठेवणं सोपं नाही.

आम्ही फॉर्मवर वजन, रक्तदाब, नजर लिहितो आणि सही करतो. मुलगा शिकायला जाण्यायोग्य आहे, एवढं तो कागद सांगतो. ती खोली मुलाला राहण्यायोग्य आहे का, हे मात्र कुठलाच कागद सांगत नाही.

आधी दुसरी बाजू. शहरात जमीन महाग आहे, तेव्हा इमारती वर जाणारच. कॉलेजजवळ, पहारेकरी असलेल्या इमारतीत मुलगी राहते म्हणून अनेक आई-वडिलांनी तिला शिकायला पाठवलं आहे, हा फायदा लहान नाही. वरच्या मजल्यावर वारा बरा येतो, रस्त्याची धूळ कमी पोचते. उंच इमारतीत राहिलं की माणूस आजारी पडतोच, असं म्हणणं शास्त्राला धरून नाही. तिथे राहणाऱ्यांचं वय, पैसा, कामाचा ताण हे सगळं वेगळं असतं, त्यातून फक्त मजल्याचा परिणाम बाजूला काढणं अवघड आहे.

तरीही विद्यार्थ्यांच्या उंच इमारतींचे काही तोटे आहेत आणि ते ओळखता येतात. त्यातला सर्वांत मोठा तोटा माझ्या मते उंची हा नाही. एका छपराखाली इतकी अनोळखी मुलं असतात, की त्यातलं एखादं दोन दिवस दिसलं नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही, हा आहे.

सुरुवात शरीरापासून करू. दिवाळीला घरी आलेली मुलं ओपीडीत येतात तेव्हा तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, पित्त वाढलंय, अंग दुखतं, डोकं जड असतं. विचारत गेलं की दिनक्रम कळतो. क्लास किंवा कॉलेज, तिथून लिफ्टने थेट खोली, डबा दारात येतो, पुन्हा खाली उतरायचं काही कारण नाही. गावात हाच मुलगा दूध आणायला, दळण टाकायला, मित्राला हाक मारायला दिवसातून दहा वेळा घराबाहेर पडत होता. ते चालणं व्यायाम म्हणून कुणी मोजलं नव्हतं, पण शरीराने ते धरलं होतं.

उन्हाचंही तसंच. आपल्या शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. तो डोळ्यांना मिळाला नाही तर रात्रीची झोप पुढे पुढे सरकते. काचेच्या खिडकीतून ऊन अंगावर येतं म्हणून ड जीवनसत्त्व मिळत असेल, असाही समज असतो. ते जीवनसत्त्व तयार करणारे किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यासाठी उघड्यावर यावं लागतं.

हवेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. खिडकी डक्टमध्ये उघडणारी, एसीमुळे तीही बंद, आत तिघं-चौघं रात्रभर. श्वासातून बाहेर पडलेली हवा खोलीतच फिरत राहते. सकाळी डोकं जड होण्याचं हे एक कारण असू शकतं. पण खरी भीती क्षयरोगाची आहे. तो हवेतून पसरतो आणि कोंदट, दाटीच्या खोलीत त्याला आयती संधी मिळते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर खोलीतल्या प्रत्येकाने त्याची दखल घ्यावी. थुंकीची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

खिडकीला किती किंमत आहे, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणात दिसलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या आवारात अब्जाधीश चार्ली मंगर यांच्या कल्पनेनुसार ११ मजल्यांचं, सुमारे साडेचार हजार विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधायचं ठरलं होतं. त्यातल्या बहुतेक खोल्यांना खिडकीच नव्हती. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या आराखडा समितीवरच्या एका वास्तुविशारदाने याच कारणावरून राजीनामा दिला, मोठा वाद झाला आणि पुढे ती योजना सोडून द्यावी लागली. आपल्याकडे खिडकी नसलेल्या खोलीसाठी कुणी राजीनामा देत नाही. भाडं पाचशे रुपयांनी कमी होतं आणि खोली भरते.

आता मनाकडे वळू. वसतिगृहाची बांधणी मुलांच्या वागण्यावर परिणाम करते का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच हाताळला. अँड्र्यू बाम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली. एकीकडे लांबच लांब कॉरिडॉर, त्यावर तीसेक विद्यार्थी आणि सगळ्यांना मिळून एकच बाथरूम व बैठकीची खोली. दुसरीकडे चार-सहा जणांचे छोटे गट. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. तरी कॉरिडॉरमधल्या मुलांना गर्दी जास्त वाटत होती आणि ती इतरांना टाळू लागली होती. वसतिगृहाबाहेर, एखाद्या साध्या प्रतीक्षागृहातसुद्धा, ती अनोळखी माणसापासून जास्त लांब बसत.

त्याच काळातला आणखी एक प्रयोग गमतीदार आहे. संशोधकांनी पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटं कुणाच्या तरी हातून पडली असावीत अशी वेगवेगळ्या वसतिगृहांत टाकून ठेवली. लहान वसतिगृहांतल्या मुलांनी ती उचलून पोस्टात टाकली. दाटीच्या, उंच वसतिगृहांत मात्र तुलनेने कमी पाकिटं पोचली. तिथली मुलं स्वभावाने वाईट होती असं नाही. रोज शंभर अनोळखी चेहरे दिसू लागले की मन स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेतं. 'हे माझं काम नाही' असं वाटणं तिथे सुरू होतं.

पाकीट पडून राहिलं तर फार बिघडत नाही. पण एखादं मूल तीन दिवस जेवायला गेलं नाही, दार उघडत नाही, फोन घेत नाही, आणि शेजारच्या खोलीलाही वाटलं की हे माझं काम नाही, तर काय होऊ शकतं हे सांगायला नको.

कोटा शहराने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. २०२३ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. त्यानंतर वसतिगृहांच्या खोल्यांत आणि गॅलऱ्यांत सुरक्षेची साधनं बसवली गेली. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. डॉक्टर म्हणून मी ती साधनं निरुपयोगी म्हणणार नाही. टोकाचा विचार अनेकदा थोडा वेळ टिकतो. तो वेळ निभावला तर जीव वाचू शकतो. पण जाळी मुलाला 'जेवलास का?' असं विचारत नाही. म्हणूनच कोट्यातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिथल्या पोलिसांनी 'दरवाजे पे दस्तक' नावाची मोहीम सुरू केली. वॉर्डनने रात्री दारावर टकटक करून मुलांची विचारपूस करावी आणि मेसवाल्याने, डबेवाल्याने कोण वारंवार जेवत नाही हे कळवावं, असं त्यात सांगितलं होतं. त्याला ना यंत्र लागतं, ना मोठा खर्च. नावाने ओळखणारा एक माणूस लागतो.

आपल्या मातीत हे नवं नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग चालवलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. आपल्या जिल्ह्यातही मराठा विद्या प्रसारक समाजाच्या बोर्डिंगमध्ये राहून शेतकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. सोयी बेताच्या होत्या. पण कोण तापाने पडलंय, कोण घरच्या आठवणीने रडतंय, हे कुणाला तरी माहीत असे. आज सोयी वाढल्या, पण हे माहीत असणारं माणूस कमी झालं.

तिसरा मुद्दा वेळेचा. १०८ ची रुग्णवाहिका इमारतीच्या गेटपर्यंत येते, रुग्णापर्यंत नाही. पुढचं अंतर लिफ्टवर आणि पहारेकऱ्यावर अवलंबून. कॅनडात टोरांटो परिसरातल्या, घरात हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवर २.६ टक्के, तर सोळाव्याच्या वर एक टक्काही नाही. तरुणांचं हृदय असं क्वचितच बंद पडतं, हे खरं. पण दम्याचा जोरदार झटका, फिट, विषबाधा यांतही मिनिटं मोजावी लागतात.

आगीत तर त्याहून कमी वेळ मिळतो. २४ मे २०१९ रोजी सुरतमध्ये कोचिंग क्लास असलेल्या इमारतीला आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. ती इमारत काही गगनचुंबी नव्हती. वरून सुखरूप खाली येण्याचा मार्ग नव्हता, म्हणून मुलांनी उड्या मारल्या. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. जुलै म्हणजे आपली मुलं सामान घेऊन पोचतात तोच महिना. ते प्रमाणपत्र मागणारा पालक मला अजून भेटलेला नाही.

मग करायचं काय? खोली बघायला जाल तेव्हा गीझर नंतर बघा. आधी खिडकी उघडून बघा, ती आकाशात उघडते की डक्टमध्ये. मग लिफ्ट सोडून जिन्याने खाली उतरा. जिन्यात गाद्या, सायकली, खोकी भरली असतील, खालचं दार कुलूपबंद असेल, तर ती खोली घेऊ नका. अग्निशमनाचं या सहामाहीचं प्रमाणपत्र मागा. आणि शेवटी वॉर्डनला विचारा, 'माझा मुलगा दोन दिवस जेवायला आला नाही, तर तुम्हाला कसं कळेल?' उत्तर नुसतं 'कॅमेरे आहेत' असं आलं, तर उत्तर मिळालं नाही असं समजा.

मुलांनाही सांगणं आहे. सकाळी अर्धा तास इमारतीबाहेर उघड्यावर घालवा. दोन-चार मजले जिन्याने चढा. झोपताना खिडकी थोडी उघडी ठेवा. आपल्या मजल्यावरच्या पाच जणांची नावं आणि त्यांच्या घरचे नंबर जवळ असू द्या. मन फार जड झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मालकांना आणि सरकारला मात्र नुसता सल्ला पुरणार नाही, नियम हवा. अमेरिकेतच बाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुढे असं दाखवलं, की लांब कॉरिडॉरच्या मधल्या तीन खोल्या काढून बैठकीची जागा केली आणि दारं बसवून मजल्याचे दोन भाग केले, की मुलांमध्ये ओळखी वाढतात आणि टाळाटाळ कमी होते. इमारत पाडावी लागत नाही, तीन खोल्यांचं भाडं सोडावं लागतं. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना स्वाधार योजनेतून राहण्याचा खर्च मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण खोली त्यांना खासगी बाजारातच शोधावी लागते. विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या प्रत्येक मोठ्या इमारतीची नोंदणी व्हावी. किती मुलांमागे एक वॉर्डन, दर मजल्यावर एकत्र बसायची जागा, उघडणारी खिडकी आणि मोकळा जिना, एवढ्या चार गोष्टी तरी महापालिकेने वर्षातून एकदा तपासाव्यात. खानावळीची तपासणी आपण करतो. मग जिथे मुलं वर्षभर झोपतात, त्या जागेची का नको?