जिना नसलेलं घर



माझी आई वांद्र्याच्या गव्हर्नमेंट कॉलनीतून उपनगरातल्या एका महापालिका रुग्णालयात कॅज्युअल्टीच्या ड्यूटीला जायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका संध्याकाळी मनगट मोडलेली एक बाई आली, सोबत सासू. काय झालं म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर सासूनंच उत्तर दिलं, जिन्यावरून पडली. केसपेपरवर तेच उतरलं. आई त्या बाईला ओळखत होती. दोघी एकाच भाजीवाल्याकडे थांबायच्या. तिचं घर तळमजल्यावरचं, एका खोलीचं. त्या घराला जिनाच नव्हता.

प्लास्टर होईपर्यंत आईनं तिचा दुसरा हात धरून ठेवला आणि मग ती पुढच्या पेशंटकडे वळली. हे तिनं मला सांगितलं ते निवृत्तीनंतर, मटार सोलता सोलता. "मला कळलं होतं गं," ती म्हणाली, "पण कळल्यावर पुढं काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. सासूला जरा बाहेर बसवावं, एवढंसुद्धा सुचलं नाही."

आईला जे कुणी शिकवलं नाही, ते शिकवायला पुढं आमच्या वांद्र्यातच सुरुवात झाली. पश्चिमेच्या भाभा रुग्णालयात २०००-२००१ च्या सुमारास मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' हे केंद्र उघडलं. घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बायकांसाठी सरकारी रुग्णालयाच्या आतच चालणारं असं केंद्र देशात पहिलंच. जागा फार विचारानं निवडली होती. पोलीस ठाण्याची पायरी चढायची तर बाईला दहादा विचार करावा लागतो, कुणी पाहिलं तर घरी गहजब. पण "दवाखान्यात जाऊन येते" म्हटलं की घरात कुणी अडवत नाही. कुटुंब न्यायालयही वांद्र्यातच, पूर्वेला वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथं बाई पोचते ती सगळं मोडून पडल्यावर. दवाखान्यात ती कितीतरी आधी, कितीतरी वेळा येऊन गेलेली असते. हाड मोडलं म्हणून, डोकं सतत दुखतं म्हणून, "चुकून" फिनाईल प्यायली म्हणून.

मला 'दिलासा'बद्दल सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्याचं प्रशिक्षण. बाहेरून वक्ते आणून भाषणं ठेवली आणि संपलं, असं तिथं झालं नाही. महापालिकेच्या रुग्णालयांतल्याच डॉक्टरांमधून, परिचारिकांमधून प्रशिक्षक तयार केले गेले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवलं. जखम आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल तर थांबायचं. सोबतच्या माणसाला बाहेर पाठवून बाईशी एकटीशी बोलायचं. 'पडली' लिहून मोकळं न होता ती काय सांगते, कुणी मारलं म्हणते, ते कागदावर नीट नोंदवायचं, कारण तोच कागद उद्या कोर्टात तिच्या बाजूनं उभा राहणार असतो. मग तिला समुपदेशकाकडे न्यायचं. त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल तर देखरेखीसाठी म्हणून वॉर्डात दाखल करून घ्यायचं. घरच्यांना संशय येत नाही आणि तिला एक रात्र मिळते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा देशात लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. भाभामधल्या सिस्टर त्याच्या कितीतरी आधीपासून हे करत होत्या. भाभानंतर कुर्ल्याचं रुग्णालय, मग मुंबईतली आणखी रुग्णालयं, आणि पुढं केरळपासून मेघालयापर्यंत अशी केंद्रं निघाली.

हे सगळं न्यू जर्सीत बसून, दिवाळी अंकाच्या तोंडावर का लिहिते आहे?

तीन वर्षांपूर्वीची, इथल्या आपल्याच मराठी मंडळातली गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक नवी मुलगी हळदीकुंकवाला यायला लागली होती. हसतमुख, हाताला चव. सहलीची वर्गणी असो, साडी असो, पोळ्यांची ऑर्डर असो, तिचं उत्तर एकच, "ह्यांना विचारून सांगते." आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. तिच्याकडे स्वतःचं कार्ड नव्हतं, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात होता, आणि कार्यक्रमातून ती दर अर्ध्या तासानं बाहेर जायची ते मंडळातच आहोत हे व्हिडिओ कॉलवर दाखवायला. एकदा भांडी विसळताना तिनं आमच्यातल्या एकीला थोडंसं सांगितलं. उत्तर मिळालं, "अगं, घरोघरी मातीच्याच चुली. जरा पडतं घे, मूल झालं की निवळतात हे." ती परत कुणाशी बोलली नाही. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले तेव्हा आम्हाला कळलं.

ते उत्तर देणारी मी होते. मनानं वाईट नव्हते. शिकलेलीच नव्हते, माझ्या आईसारखी.

भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एक आकडा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. तो वाचला तेव्हा मला ती विसळण्याची जागा आठवली. तिनं सांगितलं होतं. मीच तिला त्या ७७ टक्क्यांत परत पाठवलं.

म्हणून यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात कार्यकारिणीनं दोन गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, नाटक. मराठी माणसाला नाटकातून सांगितलेलं पोचतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा'तून रंगभूमीवर आणली. माझ्या लहानपणी 'मुलगी झाली हो' गाजत होतं. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ पासून गावोगाव, वस्त्यावस्त्यांत नेलेलं. नेपथ्याचा बडेजाव नाही, करणाऱ्या बायका आपल्यासारख्याच घर-नोकरी सांभाळणाऱ्या, लेखिका स्वतः ग्रंथपाल. आणि त्याच दशकात संघटनेनं कुटुंब सल्ला केंद्रंही सुरू केली, हे मला फार मोलाचं वाटतं. नाटक बघून बाई बोलायला लागली तर तिनं जायचं कुठं, याचं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं.

तेंडुलकरांचं 'कन्यादान'ही त्याच सुमाराचं. त्यातली ज्योती नवऱ्याचा मार खाते आणि तिच्या भोवतीची सगळी माणसं चांगली आहेत, वाचणारी, चळवळीतली. वडिलांना, नाथ देवळालीकरांना, आपलं तत्त्व हरू द्यायचं नाही, म्हणून मुलगी होरपळत राहते. नवरा दलित दाखवल्याबद्दल त्या नाटकावर टीका झाली, आणि हिंसा एखाद्या जातीच्या माथी मारता येत नाही, हा त्या टीकेचा मुद्दा मला पटतो. पण नाथ देवळालीकर मात्र मला आपल्या मंडळात रोज भेटतात. "इतका हुशार मुलगा, एवढ्या मोठ्या हुद्द्यावर, तो असं कसं करेल?" हे वाक्य आपल्याकडे किती जणांनी किती वेळा म्हटलं आहे!

यंदाची एकांकिका आपल्याच सदस्यांनी लिहिली आहे. त्यात एकही थप्पड नाही. एक नवरा हळू आवाजात बायकोचा फोन मागतो, पासवर्ड विचारतो, किराण्याची पावती तपासतो. पहिलं वाचन एका तळघरात झालं. नवऱ्याचं काम करणारे आपले डॉक्टर तिसऱ्या पानावर थांबले आणि म्हणाले, "हे वाक्य मी घरी बोलतो." कुणीच काही बोललं नाही. मग ते पुढं वाचू लागले. लाटणं घेऊन नवऱ्यामागं धावणाऱ्या बायकोचं प्रहसन आपण वर्षानुवर्षं बसवत आलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या मंचावर खरं काहीतरी येतं आहे.

दुसरी गोष्ट, प्रशिक्षण. तिकिटांच्या टेबलावर, स्वयंपाकघरात, मुलांच्या खोलीत काम करणाऱ्या सगळ्या स्वयंसेवकांसाठी नोव्हेंबरच्या पहिल्या दोन शनिवारी सकाळी दहा ते एक. पुरुषांनीही यायचं आहे, जास्त संख्येनं. आपल्यातले कितीतरी जण इथं कंपन्यांत हाताखाली माणसं सांभाळतात, काहींचे स्वतःचे दवाखाने आणि ऑफिसं आहेत. म्हणून एक तास फक्त कामाच्या जागेसाठी ठेवला आहे. कुणाचा नवरा दुपारभर पार्किंगमध्ये गाडी लावून बसतो, कुणाला अचानक घरून काम बंद करावं लागतं, कुणाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात जातो, हे साहेबाच्या नजरेला आधी पडतं. न्यू जर्सीत २०१३ चा 'सेफ' कायदा आहे: पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पात्र पीडित कर्मचाऱ्याला वर्षात २० दिवसांपर्यंत बिनपगारी रजा मिळते, कोर्टासाठी, डॉक्टरसाठी, घर बदलण्यासाठी. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून अशी दहा दिवसांची रजा भरपगारी आहे. आपल्यापैकी किती मॅनेजरांना आपल्याच राज्यातला हा कायदा माहीत आहे? मला गेल्या महिन्यापर्यंत नव्हता.

काय बोलू नये, हेही शिकायचं आहे. "तू काय केलंस म्हणून तो चिडला?" हे नाही. "मी बोलू का त्याच्याशी?" हे तर मुळीच नाही, कारण त्याची किंमत त्या रात्री तिला मोजावी लागते. "आत्ताच्या आत्ता घर सोड" हेही नाही. कधी निघायचं हे तिलाच ठरवू द्यायचं. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असला तरी कायद्यात वाटा आहेत, पण त्या सांगायचं काम वकिलाचं. आपलं काम ऐकून घेणं, विश्वास ठेवणं आणि योग्य दार दाखवणं. आपल्याच राज्यात १९८५ पासून 'मानवी' ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार हेल्पलाइनचा क्रमांक १-८००-७९९-७२३३, चोवीस तास.

आईला परवा व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी विचारा, घरी जायला भीती वाटते का? हाताचं नंतर विचारा."

गेल्या शनिवारी तालमीच्या दिवशी बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, हेल्पलाइनचा कागद लावला. खाली क्रमांक लिहिलेल्या दहा बारीक पट्ट्या, फाडून बांगडीत किंवा बुटात ठेवता येतील अशा. सभागृहाची किल्ली परत करण्याआधी दिवे बंद करायला गेले तेव्हा तीन पट्ट्या गेल्या होत्या. तालमीला आम्ही चौदा बायका होतो. दिवाळीच्या दिवसासाठी आणखी कागद छापायला दिले आहेत.

आपली,
संपादक