लोकप्रशासन : परीक्षेपुरते की लोकांसाठी?

पूर्णा हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन. अकोल्याकडून येणारा मार्ग येथेच मिळतो. येथून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत पुस्तकांचे गठ्ठे घेऊन निघालेले तरुण नेहमी दिसतात. शेती पावसावर आणि घर वडिलांच्या कर्जावर, अशा स्थितीत हे तरुण अधिकारी होण्याचे स्वप्न बाळगतात. लोकप्रशासनात एम. ए. करण्यामागेही बहुधा तोच हिशेब असतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय परतला आणि या हिशेबाला बळ मिळाले.

स्वप्नात गैर काही नाही. परंतु जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित. उमेदीची वर्षे सरल्यावर रित्या हाताने परतणाऱ्या तरुणाला ‘या पदवीचे करायचे काय?’ हा प्रश्न ग्रासतो. त्याचे उत्तर विषयाकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे.

लोकप्रशासनाचे आधुनिक शास्त्र वुड्रो विल्सन यांच्या १८८७च्या निबंधापासून सुरू होते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते खरेच, पण कौटिल्याने ‘अध्यक्षप्रचार’ या अधिकरणात खातेवार अधिकाऱ्यांची कर्तव्ये कितीतरी आधी सांगितली. छत्रपती शिवरायांनी अष्टप्रधान नेमले आणि राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून कारभाराला स्वभाषेचे शब्द दिले. रयतेला कळेल तोच कारभार स्वराज्याचा, हे त्यामागील सूत्र होते. मराठवाड्याला त्याचे मोल अधिक ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत येथे निजामाची राजवट होती, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी शेतकऱ्याला सरकारी कागद परका होता. त्या राजवटीविरुद्ध लढलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्या १९९४मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाने धारण केले आहे. त्या नावाच्या छायेत लोकप्रशासन शिकणाऱ्याने ‘लोक’ हा शब्द विसरून कसे चालेल?

मुख्याधिकारी, गटविकास अधिकारी ही पदे परीक्षेतून मिळतात, ती मिळवावीतच. नेट-सेट उत्तीर्ण होऊन अध्यापनही करता येते. पण सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, रुग्णालये, सेवाभावी प्रकल्प यांनाही हिशेब, नियम आणि माणसे सांभाळणारे कार्यकर्ते हवे असतात. लोकप्रतिनिधींना अभ्यासू साहाय्यक हवेत. १९८२मध्ये स्थापन झालेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने लोकप्रतिनिधी व कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे काम उभे केले, ते हीच उणीव ओळखून.

यासाठी महाविद्यालयांनी वर्गाबाहेर पडले पाहिजे. पूर्णा नगरपरिषदेचा अर्थसंकल्प विद्यार्थ्याने वाचावा, पंचायत समितीची सभा पाहावी, ग्रामसभेत बसावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५मध्ये आला. त्यानुसार कोणती सेवा किती दिवसांत मिळणार, याचा फलक तालुक्याच्या कार्यालयात आहे काय आणि दाखला त्या मुदतीत मिळतो काय, हाच प्रबंधाचा विषय व्हावा. असा अभ्यास केलेला तरुण पुढे अधिकारी झाला, तर अर्जदाराला हेलपाटे घालायला लावणार नाही; आणि नाही झाला, तरी गावातील अडल्या माणसाचा आधार होईल.

राष्ट्र दिल्ली-मुंबईतच घडते असे नाही. तालुक्याच्या खिडकीपाशीही घडते. त्या खिडकीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे जाणती माणसे उभी राहिली, तरच या पदवीचे सार्थक झाले म्हणता येईल.